पत्त्याची पाठ

कोथरूडमधल्या एका हस्तकला प्रदर्शनात टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा एक संच मांडला होता. जांभळ्या मखमलीवर थोडे पत्ते एकावर एक सरकवून ठेवलेले, बाकीचे लाकडी पेटीत. भाचीने पेटी उलटी करून किंमत वाचली आणि पेटी होती तशी ठेवून दिली. अडीच हजारांच्या घरात होती. मग तिने सरळच विचारलं, "हे घरी करता येतात का हो?" स्टॉलवरच्या बाई अगत्याच्या होत्या. म्हणाल्या, "करायला काय, करता येतील. पण घरी केलेले पत्ते बोलत नाहीत. चित्र तूच काढणार, रंग तूच भरणार, पत्ता तुला पाठ झालेला असणार. मग तो तुला नवीन काय सांगणार?" आम्ही पुढच्या स्टॉलवर गेलो, कुणाच्या तरी हातच्या सोलकढीचं आगळ घेतलं, रिक्षा करून घरी आलो. भाची ते विसरलीही असेल. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. भांडी घासताना, बसच्या रांगेत उभं असताना, रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा तेच. आपल्या हाताने केलेली गोष्ट आपल्याला काही नवीन सांगू शकते की नाही?

खरं तर टॅरोशी माझं काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरात पत्रिका बघत, पंचांग बघत, पण तेही लग्नामुंजीपुरतं. टॅरो घरात आला तो ताईमुळे. तिचं लग्न मोडत होतं त्या वर्षी ती एका टॅरो वाचणाऱ्या बाईंकडे जायला लागली. घरात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. मीही तिला दोन-चार शब्द ऐकवले होते. एकदा तिला सोडायला गेले आणि बाहेरच्या खोलीत बसून राहिले. मधलं दार अर्धवट उघडं होतं. त्या बाई फार थोडं बोलत होत्या. एक पत्ता उलटायचा, ताईसमोर सरकवायचा आणि विचारायचं, "यात तुम्हाला काय दिसतंय?" ताई बोलत होती. जे तिने आईला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, ते त्या चित्राकडे बघून सांगत होती. आम्ही सगळे तिला काय करावं ते सांगत होतो. तिला काय दिसतंय हे विचारणारं तिथे पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. भविष्यावर माझा विश्वास तेव्हाही बसला नाही, आजही नाही. पण त्या दिवसापासून त्या पत्त्यांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही.

आणि तसं बघितलं तर मी कौल लावणाऱ्या मुलखातली. कुडाळकडच्या आमच्या गावात देवळात गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि सगळे श्वास रोखून बघत बसायचे. उजवी पाकळी पडली की कौल झाला, डावी पडली की नाही. विहीर कुठे खणावी, मुलगी कुठे द्यावी, मुंबईला जावं की नको, सगळं त्या पाकळीवर. लहानपणी मी त्यासाठीची फुलं तोडून आणलेली आहेत. म्हणजे झाड आमच्या परसातलं, फूल मी तोडलेलं, पाकळ्या गुरवाने आमच्या डोळ्यांदेखत खुडलेल्या, मूर्ती जन्मापासून बघितलेली. यातलं काहीही कुणाला अनोळखी नव्हतं. न कळणारी गोष्ट एकच, आधी कुठली पडेल. तेवढ्यासाठी अख्खं गाव पायरीवर बसायचं. स्टॉलवरच्या बाईंचं वाक्य आठवलं की माझ्या डोळ्यांसमोर ती पाकळी यायची, आणि वाटायचं, बाईंच्या बोलण्यात काहीतरी राहून जातंय.

भाचीने एके दिवशी स्वतःच विषय काढला. "मावशी, करूया का आपण?" तिची बारावीची परीक्षा झाली होती, हातात वेळ होता, माझ्याही शनिवार-रविवारला दुसरं काही नव्हतं.

आधी आम्ही वाचत बसलो. टॅरो म्हणजे काहीतरी इजिप्तचं गूढ असं माझ्या डोक्यात होतं. ते पॅरिसमधल्या आंत्वान कूर द जेबलँ यांनी 1781 मध्ये लिहून ठेवलं आणि तिथून पसरलं. त्याला आधार काही नाही. मूळ हा पंधराव्या शतकातल्या इटलीतला पत्त्यांचा खेळ. हात करायचे, हुकूम चालवायचा, गुण मोजायचे. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी हाताने रंगवलेले, सोन्याचा वर्ख लावलेले पत्ते आजही शिल्लक आहेत. त्यांतल्या एका संचाचे 74 पत्ते टिकलेत. काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही बेर्गामोच्या आकादेमिया कर्रारामध्ये, उरलेले एका खाजगी घराण्याकडे. सैतान, मनोरा, तीन तलवारी आणि नाण्यांचा घोडेस्वार हे चार पत्ते त्यात नाहीत. कितीतरी पत्त्यांना वरच्या कडेला खिळ्याचं भोक आहे, कधीतरी कुणीतरी ते भिंतीवर ठोकले होते. हे वाचल्यावर भाचीचा चेहरा उजळला. म्हणजे पहिले टॅरो हातानेच केलेले होते, आणि ते खेळायला होते. फरक एवढाच, की त्यांच्याकडे सोन्याचा वर्ख होता आणि आमच्याकडे तिच्या शाळेतल्या पोस्टर कलरच्या अर्धवट वाळलेल्या बाटल्या.

अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट आणली, 300 जीएसएमची, ए-फोर मापाची. पत्त्याचं माप रुंदीला 7 आणि उंचीला 12 सेंटिमीटर धरलं. ए-फोरची रुंदी 21, म्हणजे आडवे बरोबर तीन बसतात. उंचीत दोन ओळी आणि खाली पावणेसहा सेंटिमीटरची पट्टी उरते. एका कागदात सहा पत्ते, तेरा कागदांत अठ्ठ्याहत्तर. इतका चोख हिशेब बसल्यावर मला फारच समाधान वाटलं. उरलेल्या पट्ट्यांवर रंग करून बघायचे. टॅरोत सूर्य, न्याय, मृत्यू असे बावीस पत्ते मोठे मानतात, बाकीचे छोटे; भाचीने त्या मोठ्यांतले सात-आठ काढलेही, छान काढले. मग ते उलटे करून सतरंजीवर पसरले आणि मी म्हटलं, "उचल एक." तिने हात पुढे केला आणि थांबली. "हा सूर्य आहे," ती म्हणाली. मलाही ते कळत होतं. पिवळा रंग मागे किंचित फुटला होता. शेजारच्या पत्त्यावर पेन्सिलीचा दाब उमटला होता, तो न्यायाचा तराजू. एकाची कड कटरने जरा तिरकी गेली होती, एकाला बोटाचा निळा ठसा. आठ पत्ते पालथे पडले होते आणि आठही आम्ही पाठीवरून ओळखले.

तिथे मला बाईंच्या वाक्याचं उत्तर सापडलं असं आता वाटतं. चित्र पाठ असलं तर काही बिघडत नाही. पाठीवरून पत्ता ओळखता आला की मात्र सगळं संपलं. मग तुम्ही पत्ता काढत नाही, निवडता. पोपटवाल्या ज्योतिषाचे पत्ते आठवून बघा, मळून मळून सगळ्यांचा रंग एकच झालेला असतो. विकतच्या संचाचे पैसे आपण चित्रांसाठी देतो असं वाटतं, पण छापखान्याचं खरं कसब मागच्या बाजूला असतं. अठ्ठ्याहत्तर पाठी इतक्या सारख्या, की मृत्यू आणि सूर्य शेजारी पालथे पडले तर कुठला कोण हे देवालाही कळू नये. हाताने ते कसं करायचं? आम्ही बरेच प्रकार करून बघितले. कालनिर्णयची मागची बाजू चिकटवली, तर प्रत्येक पत्त्यावर वेगळा मजकूर आला. खाकी कागद चिकटवला, तो गोंदाने सुरकुतला आणि प्रत्येक सुरकुती वेगळी. पत्त्यांचे एकाच छापाचे दोन कॅट घेऊन त्यांच्या तोंडावर रंग द्यायचा, ही युक्ती अगदी सोपी आणि स्वस्त आहे, घाईत असलेल्याने खुशाल तीच करावी. दोन कॅट मिळून 104 पत्ते होतात, पाठी छापील सारख्या मिळतात, वरचा गुळगुळीतपणा पॉलिश पेपरने जरा मारला की रंग धरतो. भाचीला मात्र ते माप फार लहान वाटलं. तिला चित्रं मोठी हवी होती.

त्याच सुमाराला ताई एका रविवारी आली ती हातात एक गठ्ठा घेऊन. माळा आवरताना सापडला म्हणाली. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. तेव्हा जास्तीच्या छापून घेण्याची पद्धत होती, आयत्या वेळी कुणी राहायला नको म्हणून. शंभराच्या वर शिल्लक होत्या. एकेरी, उभ्या, पुठ्ठ्याइतक्या जाड. पुढे सोनेरी अक्षरांत सगळा मजकूर आणि मागे मोतिया रंगावर बरोबर मधोमध एक फिकट सोनेरी कोयरी. "पाठ सारखी हवी म्हणत होतात ना," ती म्हणाली. "घ्या. सगळ्या एका ठशाच्या आहेत." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. भाचीने एक पत्रिका हातात घेतली, वाकवून बघितली, नखाने कड तपासली आणि म्हणाली, "कागद भारी आहे गं आई." तिच्या आईवडिलांची नावं त्या पत्रिकेवर शेजारी शेजारी होती. तिने ती वाचली, मला दिसलं. मग उठून स्टीलची पट्टी आणायला गेली. मला आवंढा आला, पण त्या दोघींच्या वागण्यात कुठेही नाटक नव्हतं, म्हणून मीही गिळून टाकला आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापण्यासाठी खाली अंथरला.

कोयरी मधोमध धरून चारी बाजू कापायच्या. त्यासाठी पुठ्ठ्याची एक चौकट केली, मध्ये खिडकी. खिडकीत कोयरी नीट बसली की पेन्सिलीने बाहेरच्या चार खुणा. कटरचं पातं वरचेवर मोडून नवं टोक घ्यायचं, नाहीतर कड चुरगळते. कोपरे गोल करायला खास पंच मिळतो, त्याचे पैसे वाचवले; नखं कापायच्या मोठ्या कटरने कोपरा एका दाबात सुबक गोल होतो. मग प्रश्न पुढच्या मजकुराचा. नुसता पांढरा रंग दिला तर खालची सोनेरी अक्षरं वर डोकावत होती. अस्तर हवं होतं. चित्रकलेच्या दुकानात ते तयार मिळतं, महाग असतं. घरी करायला खडूची वस्त्रगाळ पूड, तिच्या निम्मं फेव्हिकॉल, साधारण तेवढंच पाणी आणि चमचाभर पांढरा पोस्टर कलर. गुठळ्या राहू द्यायच्या नाहीत, जुन्या मलमलीतून गाळायचं. पहिला हात आडवा, वाळला की बारीक पॉलिश पेपर, मग दुसरा हात उभा. वाळताना अस्तर आकसतं आणि पत्ता रंगाच्या बाजूला वाकतो, तेव्हा पुरतं वाळायच्या आत दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून देवघरातला पाट, आणि पाटावर तांदळाचा डबा. सकाळी सरळ झालेले असतात. दोन हातांनंतर अक्षरं डोळ्यांना दिसेनाशी झाली. बोट फिरवलं की मात्र उठावाची छपाई अजून लागते. प्रकाश तिरका पडला तर "शुभविवाह" मधला "शु" सुद्धा कळतो.

खडूची पूड कालवताना जो वास आला त्याने मी सावंतवाडीला गेले. शाळेच्या सहलीत राजवाडा बघितला होता. दरबार हॉलमध्ये माणसं मांडी घालून गंजिफा रंगवत बसली होती. वाटोळे पत्ते, तळहातात मावतील असे, आणि एवढ्याशा वर्तुळात नरसिंह, वराह, परशुराम. चिंचोक्याची खळ, खडू, रंग, लाख असा एक कोंदट, थोडा गोडसर वास त्या खोलीला होता. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण 120 पत्ते. पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा. दिवसा खेळायला बसलात तर रामाने सुरुवात, रात्री बसलात तर कृष्णाने. ही कला जवळजवळ बुडाली होती. सत्तरीच्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींना गाठलं, राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडून शिकल्या आणि मग राजवाड्यात माणसं बसवून ते काम पुन्हा उभं केलं. तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. मी एका रंगाऱ्याजवळ जाऊन उभी राहिले होते, आणि तो एकाही पत्त्याच्या चित्राला हात लावत नव्हता. तो पाठी रंगवत होता. एकच रंग, एकावर एक, ओळीने. वाळलेला उचलायचा, उजेडाकडे धरायचा, बाजूला ठेवायचा. मला ते अगदी कंटाळवाणं वाटलं होतं आणि मी पळत मोती तलावाकडे गेले होते. आज तो माणूस भेटला तर त्याच्याशेजारी बसून राहीन.

चित्रांसाठी समोर नमुना हवा म्हणून आम्ही पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं घेतली. आज जगात बहुतेक लोक टॅरो म्हणून जी चित्रं ओळखतात ती त्यांची आहेत. 1909 मध्ये गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून त्यांनी लंडनमध्ये अख्खा संच काढून दिला, थोड्या महिन्यांत. त्याआधी बहुतेक संचांत छोट्या पत्त्यांवर नुसती मोजणी असायची, पाच पेले म्हणजे पाच पेले. पामेलाबाईंनी तिथे माणसं आणली. पाच पेल्यांच्या पत्त्यावर काळ्या झग्यातला एक माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय आणि मागे दोन भरलेले उभे आहेत, तिकडे त्याचं लक्षच नाही. हा पत्ता कळायला पुस्तक लागत नाही. काम संपल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना पत्रात कळवलं, की फार मोठं काम नुकतंच संपवलं, पैसे मात्र फार थोडे मिळाले. पुढे त्या चित्रांच्या किती प्रती खपल्या, त्यांना वाटा मिळाला नाही. 1951 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी त्या वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आणि संच कित्येक वर्षं प्रकाशकाच्या आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला, चित्रं काढणारीचं नाव त्यात नव्हतं. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात मात्र त्यांची वेटोळ्यांची सही आहे. भाचीने ती शोधून काढली, मग प्रत्येक पत्त्यावर शोधत बसली. हे वाचून मला खूप राग आला, आणि तो अजून आहे. घरी संच करणाऱ्या प्रत्येकाने त्या बाईंचं नाव घेऊन कामाला बसावं असं मला मनापासून वाटतं.

नुसती नक्कल मात्र करायची नव्हती. भाचीने ठरवलं, प्रत्येक पत्त्यात आपण बघितलेलं काहीतरी यायला हवं. पत्त्यांत इस्पिक-बदाम असतात तसे टॅरोचे जे चार रंग, तेही तिने घरातले घेतले. पेले ते पेलेच, नाणी ती नाणीच, तलवारीच्या जागी विळी आणि दंडाच्या जागी लाटणं. एकांतातला साधू तिने आमच्या सोसायटीचा रात्रीचा राखणदार केला, हातात कंदिलाऐवजी विजेरी, कानटोपी, मागे पार्किंगमधल्या गाड्यांच्या रांगा. भाग्यचक्र म्हणजे जत्रेतला आकाशपाळणा. चंद्राच्या पत्त्यात पाण्यातून एक कवचवाला प्राणी वर येताना दाखवतात. तिथे मी हट्टाने आमच्या व्हाळातली कुर्ली काढायला लावली, पहिल्या पावसात वर येणारी. संयमाच्या पत्त्यावर मूळ चित्रात एक देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततो. भाचीने तिथे तिच्या आईला काढलं. ताई चहा गार करते तेव्हा दोन स्टीलच्या पेल्यांत वरखाली करते, हात लांब नेऊन, एक थेंब सांडत नाही. ते बघत आम्ही दोघीही मोठ्या झालो. मी तिची बहीण म्हणून, भाची तिची मुलगी म्हणून. चित्रात चहाची धार जरा जाड झालीय, पण ताईची मान आहे तशी उतरली आहे, किंचित डावीकडे कललेली.

आणि मग नको असलेले पत्ते. दुकानातून संच आणला की ते आपोआप आलेले असतात, आपण ते पटकन पुढे सरकवतो. घरी करायला बसलं की प्रत्येकाची पाळी येतेच. मृत्यू काढायचा म्हणजे तीन-चार तास त्याच्यासमोर बसायचं. भाचीने पानगळीतला एक पांगारा काढला, आणि खाली नाव न लिहिता नुसता तेरा आकडा. मनोरा तिने सहज काढला, आमच्याच गल्लीत एक जुनी इमारत पाडत होते, अर्ध्या भिंतीवर कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या टाइल्स उघड्या पडल्या होत्या, तेच तिने काढलं. अडलं ते तीन तलवारींपाशी. मूळ चित्रात लाल हृदयातून तीन तलवारी आरपार गेलेल्या, मागे पाऊस. बरेच दिवस तो पत्ता कोराच पडून होता. भाचीने शेवटी कागद आईकडे सरकवला. ताईने कधी ब्रश हातात धरलेला नव्हता. तिने तीन विळ्या काढल्या, तिन्ही मिटलेल्या, ओट्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या. हृदय नाही, रक्त नाही, पाऊस नाही. "लागतात त्या," एवढंच म्हणाली, "पण काम झालं की मिटून ठेवायच्या." त्या पत्त्यावर मी काही बोलू शकले नाही. त्याच्या अस्तराखाली मुहूर्ताची ओळ आहे, गोरज की कसलीशी वेळ, बोटाला लागते.

पत्ते झाल्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा एक पातळ हात दोन्ही बाजूंना दिला. एकाच बाजूला दिला तर पुन्हा वाकतात. पावसाळ्यात हे पत्ते एकमेकांना चिकटतात, म्हणून वाळल्यावर टाल्कम पावडर चिमूटभर घेऊन फडक्याने पुसून काढायची. फेव्हिकॉल, खडूची पूड, दोन नवे रंग, एक काळं पेन, वार्निश असं सगळं धरून खर्च चारशेच्या आत राहिला. वेळेचा हिशेब यात नाही, तो धरायचाही नाही. एक तडजोड मात्र करावी लागली. टॅरोत पत्ता उलटा आला तर त्याचा अर्थ बदलतो म्हणतात, आणि आमच्या कोयरीला टोक आहे, म्हणजे पत्ता सुलटा की उलटा हे पाठीवरूनच दिसतं. दोन्हीकडून सारखी दिसणारी नक्षी असती तर प्रश्न नव्हता. भाचीने निकाल दिला, उलट्याचा अर्थच धरायचा नाही, काढण्याआधी सगळ्या कोयऱ्या एका दिशेला करून घ्यायच्या. मला ते पटलं.

सगळे एकावर एक रचले तर गठ्ठा चार-साडेचार सेंटिमीटर उंच होतो. एका हातात मावत नाही, आणि कॅट पिसतात तसा पिसता तर मुळीच येत नाही, कडा उडतील. मग मला गंजिफा आठवल्या. तेही पत्ते जाड आणि वाटोळे, म्हणून चादरीवर पालथे पसरायचे आणि तळहातांनी गोल गोल कालवायचे. आम्ही तेच करतो. तिघी तीन बाजूंनी बसतो, सहा हात एकदम फिरतात, पत्त्यांचा पत्त्यांवर घासल्याचा खरखरीत आवाज येतो, पावडरीचा वास येतो. कुणाचा पत्ता कुणाकडे गेला कळत नाही. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

ते पत्ते बोलतात का? मी विचारते ते भविष्य नसतं. बसायचं, एक पत्ता काढायचा आणि यात मला आज काय दिसतंय ते मोठ्याने सांगायचं, इतकंच आम्ही करतो. आणि मला दर वेळी धक्का बसतो, कारण चित्र मला पाठ असतं, ते काढताना मी शेजारी बसलेली असते, आणि तरी ते त्या दिवशी माझ्या समोर येईल हे मला माहीत नसतं. ऑफिसात एकीशी कडाक्याचं भांडण करून आले त्या संध्याकाळी संयम निघाला, चहा ओतणारी ताई. खरी ताई समोरच बसून शेंगा सोलत होती. मी त्या चित्राकडे बघून बोलायला लागले आणि जे बोलले ते आधी मनात जुळवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्या सहकारी बाईंशी बोलले. पत्त्याने ते घडवलं असं मी म्हणणार नाही. पण तो निघाला नसता तर मी त्या दिवशी तोंड मिटूनच बसले असते, हेही खरं. देवळाच्या पायरीवर बसलेली माणसं पाकळी पडल्यावर आपापसांत जे बोलायची, ती बोलणी मला आता जास्त नीट आठवतात. कौल मिनिटभरात व्हायचा, बोलणं मात्र घरी पोचेपर्यंत चालायचं.

मागच्या महिन्यात पाच पेल्यांच्या पत्त्याच्या पाठीवर तेलाचं बोट उमटलं. वड्यांचा दिवस होता. डाग छोटा, कोयरीच्या देठाशी, पण त्या दिवसापासून तो पत्ता आला की तिघींनाही कळायला लागला. ताई म्हणाली राहू दे, घरात वापरायची वस्तू आहे, एवढं काय त्यात. मलाही तो डाग तसा आवडला होता. भाची ऐकेना. तिचं म्हणणं, एक जरी पत्ता पाठीवरून ओळखू आला तर उरलेल्या सत्याहत्तरांनाही अर्थ राहत नाही, कारण तो नाही हे कळलं की बाकीच्यांतही निवड सुरू होते. तिने गठ्ठ्यातली नवी पत्रिका काढली, चौकट लावली, कोयरी मधोमध धरून कापली, अस्तर दिलं आणि पाच पेले पहिल्यापासून काढले. या वेळी मागचे दोन भरलेले पेले तिने जरा मोठे केले. डागाचा पत्ता तिने माझ्या पाकिटात ठेवला आहे. उरलेल्या पत्रिकांतल्या दहा पुढेमागे लागतील म्हणून आम्ही ठेवून घेतल्या, बाकीच्या ताईने परत नेल्या. वाणसामानाच्या याद्या करायला बऱ्या पडतात, म्हणाली.